वाळू सरकारची, छत्री आजोबांची

इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावरचा समर जॉब म्हणजे नुसतं टॅन होणं नव्हे. पहाटेची वाळू, दुपारची नजर, मालकीणबाईंचा राग आणि २०२७ची टांगती तलवार, सगळं त्यात आलं!

इटलीच्या समुद्रकिनाऱ्याचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतोच. वरून, ड्रोनने घेतलेला. निळं पाणी, पिवळी वाळू आणि त्या वाळूवर रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या मापात बसवलेल्या शेकडो छत्र्या. एका पट्ट्यात सगळ्या निळ्या, शेजारच्या पट्ट्यात सगळ्या केशरी, पलीकडे हिरव्या-पांढऱ्या. आपण रील सेव्ह करतो, मित्राला टॅग करतो आणि पुढे जातो. पण या छत्र्या रोज सकाळी उघडतं कोण? संध्याकाळी मिटतं कोण? आणि निळा रंग संपून केशरी सुरू होतो, ती रेघ आखली कोणी?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. प्रत्येक रंगामागे एक कुटुंब असतं. आजोबांनी सुरू केलेलं, आईवडिलांनी वाढवलेलं. आणि उन्हाळ्याचे चार महिने त्या कुटुंबाच्या हाताखाली घाम गाळणारी, तुमच्याआमच्या वयाची पोरं असतात.

बान्यो म्हणजे बाथरूम नव्हे

तसा इटालियनमध्ये 'बान्यो' या शब्दाचा एक अर्थ बाथरूमच आहे. पण रोमान्या आणि तोस्कानाच्या किनाऱ्यावर कुणी 'मी बान्योवर काम करतो' म्हणालं, तर हसू नका. तिथे बान्यो म्हणजे समुद्रावरची ती सगळी मांडामांड. छत्र्या, पडायच्या खुर्च्या, कपडे बदलायच्या छोट्या खोल्या, शॉवर, लहान मुलांचे झोपाळे, आणि कॉफीपासून जेवणापर्यंत सगळं देणारा बार. सरकारी कागदावर याचं नाव आहे 'स्ताबिलिमेन्तो बाल्नेआरे'. बऱ्याच ठिकाणी नुसतं 'लीदो' म्हणतात. रिमिनी शहरात तर या बान्योंना चक्क नंबर आहेत. आपण जसं 'अमुक गल्लीत भेट' म्हणतो, तसं तिथे 'अमुक नंबरच्या बान्योवर ये' म्हणायची पद्धत.

रिमिनीतलं पहिलं असं ठिकाण सुरू झालं १८४३ मध्ये. तेव्हा समुद्रात डुंबणं हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध होतं आणि ते परवडायचं फक्त श्रीमंतांना. चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. कारखाने धडाधडा चालू लागले, कामगारांना पगारी सुट्टी मिळू लागली. १९५५ मध्ये फियाट ६०० आणि १९५७ मध्ये फियाट ५०० ही छोटी मोटार आली आणि मिलान-तुरीनची कुटुंबं गाडीच्या टपावर सामान बांधून समुद्राकडे निघाली. किनाऱ्यावरच्या कुणा मच्छीमाराने, कुणा शेतकऱ्याने वाळूत चार छत्र्या रोवल्या आणि भाड्याने दिल्या. चाराच्या चाळीस झाल्या, चाळिसाच्या दोनशे. तो काळ बघायचा असेल तर दिनो रिझी या दिग्दर्शकाचा १९६२चा 'इल सोर्पास्सो' बघा. आणि हल्लीचं काही हवं असेल तर पिक्सारचा 'लुका' आहेच. लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या गावांचा सगळा मूड त्यात उतरलाय.

आता यातली मेख. छत्री कुटुंबाची, खुर्ची कुटुंबाची, बारमधलं कॉफी मशीनही कुटुंबाचं. पण ज्या वाळूवर हे सगळं उभं आहे ती वाळू त्यांची नाही. इटलीच्या १९४२च्या नौकानयन कायद्यानुसार किनारा ही सरकारी, म्हणजेच सगळ्यांची मालमत्ता. ती विकता येत नाही, विकत घेता येत नाही. कुटुंबाकडे असतो तो फक्त वापरायचा परवाना. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे सगळं यावरच फिरणार आहे.

सकाळी सहा ते रात्री नऊ

समजा, तुम्ही वीस वर्षांचे आहात, बोलोन्यात शिकताय आणि जूनपासून रिमिनीजवळच्या एका बान्योवर कामाला लागलात. दिवस कसा जाईल?

सूर्य नुकताच वर आलेला असतो. रात्रीच्या लाटांनी आणलेलं शेवाळ, शिंपले, प्लॅस्टिक आणि आदल्या दिवशीची सिगारेटची थोटकं आधी गोळा करायची. मोकळ्या पट्ट्यात वाळू चाळणारा ट्रॅक्टर फिरतो. पण छत्र्यांच्या मधल्या जागेत मशीन जात नाही, तिथे हातात दाताळं घेऊन तुम्हीच. दाताळ्याच्या रेघा सरळ यायला हव्यात. पहिलं गिऱ्हाईक येतं तेव्हा वाळूवर एकाही पायाचा ठसा दिसता कामा नये, हा मालकाचा मान असतो.

मग छत्र्या. एक छत्री उघडायला दहा सेकंद लागतात. दोनशे छत्र्या उघडून झाल्या की खांदे बोलायला लागतात. त्यानंतर खुर्च्या पुसायच्या, उन्हाच्या दिशेने वळवायच्या, रांग डोळ्याने तपासायची. एखादी खुर्ची चार इंच पुढे आली की लांबून हाक येतेच.

रोमान्यात एक गंमत आहे. 'बान्यिनो' या शब्दाचा पुस्तकी अर्थ जीवरक्षक. पण तिथे बान्यिनो म्हणजे बान्योचा मालक! जीव वाचवणारा वेगळा, त्याला 'साल्वाताज्जो' म्हणतात. ते काम हवं असेल तर नुसतं पोहता येऊन भागत नाही. १८७१ पासून चालत आलेली राष्ट्रीय जीवरक्षण संस्था किंवा जलतरण महासंघ यांच्याकडून रीतसर परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. पोहणं, वल्हवणं, प्रथमोपचार, श्वास थांबलेल्या माणसाला परत आणणं, सगळं त्यात येतं. लाल रंगाची, दोन लांबट तरंगांवर बसवलेली वल्ह्यांची होडी हे त्याचं वाहन. रोमान्यात तिला 'मोस्कोने' म्हणतात. इंजिन नाही, आवाज नाही. पोहणाऱ्यांच्या गर्दीत पंख्याची पाती फिरलेली कुणाला हवीत?

जीवरक्षक उंच खुर्चीवर बसला की खांबावर झेंडा चढतो. पांढरा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे वारा जोराचा, हवा भरलेले तराफे-बगळे घेऊन पाण्यात जाऊ नका. लाल म्हणजे पाणी धोक्याचं, किंवा लक्ष ठेवायला कुणी नाही. रील बघताना ही खुर्ची भारी वाटते. प्रत्यक्षात ती सात-आठ तास पाण्यावरून नजर न हटवण्याची शिक्षा आहे. मोबाइल खिशात, गॉगल नाकावर, आणि डोकी मोजत राहायची. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. बऱ्याचदा तो एकदम गप्प होतो. म्हणून ऐकण्यापेक्षा बघणं महत्त्वाचं.

तुम्ही जीवरक्षक नसाल तर बारमध्ये असाल. सकाळी कॅपुचिनो आणि क्रोसाँ, दुपारी शिंपल्यांची स्पॅगेटी नाहीतर पिआदीना. पिआदीना म्हणजे रोमान्याची जाडसर पोळीच समजा, चीज-हॅम-पालेभाजी घालून दुमडलेली. एक वाजला की किनारा अर्धा रिकामा होतो. जेवण झाल्यावर आज्ज्या नातवंडांना दोन-तीन तास पाण्यात पाऊल टाकू देत नाहीत. 'पोटात गोळा येईल' हा इटालियन आज्जीचा कायदा, आणि त्याला सुप्रीम कोर्टातही अपील नाही. त्या दोन-तीन तासांत कंटाळलेली पोरं बारसमोर येऊन आइस्क्रीमसाठी भुणभुण करतात आणि तुमचा गल्ला वाढतो.

आणि मग कधीतरी दुपारी चारला क्षितिजावर काळी रेघ दिसते. समुद्रावरचं वादळ सांगून येत नाही, आलं तर दहा मिनिटांत येतं. मालकाची शिट्टी वाजली की कोण वेटर, कोण जीवरक्षक, कोण मालकाची सून, काही उरत नाही. सगळे छत्र्यांकडे धावतात. वाऱ्याने उखडलेली एक छत्री भाल्यासारखी उडते, म्हणून आधी पाण्याजवळच्या रांगा मिटायच्या. या कामात टीमवर्क काय असतं ते एका दुपारीच कळतं, त्यासाठी वेगळं वर्कशॉप लागत नाही.

संध्याकाळी पुन्हा सगळं उलट. छत्र्या मिटा, खुर्च्या रचा, शॉवरखालची वाळू काढा, गल्ला मोजा. घरचे लोक जेवायला बसतात तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात.

तीच छत्री, तेच कुटुंब

या धंद्याचं खरं भांडवल छत्री नाही, ओळख आहे. कित्येक गिऱ्हाईकं संपूर्ण सीझनची छत्री घेतात, आणि दरवर्षी तीच घेतात. तिसरी रांग, डावीकडून पाचवी. आज्जी तिथे बसायच्या, आता त्यांची नात तिचं बाळ घेऊन तिथेच बसते. पहिल्या रांगेला, म्हणजे पाण्यासमोरच्या छत्रीला जास्त पैसे पडतात आणि ती सहजासहजी रिकामी होत नाही. आपल्याकडे पहिल्या रांगेतल्या खुर्चीसाठी लग्नात जे होतं, ते तिथे दर जूनमध्ये होतं.

तुमचं काम काय? कुणाला ऊन हवं, कुणाला सावली, कोणत्या दोन भावांचं घरावरून वाजलंय म्हणून त्यांच्या छत्र्या शेजारी नकोत, हे सगळं पहिल्या आठवड्यात पाठ करायचं. सीझन संपेपर्यंत तुम्हाला पन्नास घरांच्या भानगडी माहीत असतात.

कळस होतो १५ ऑगस्टला. आपल्याकडे झेंडावंदन असतं, तिथे 'फेर्रागोस्तो'. या सुट्टीचं मूळ थेट सम्राट ऑगस्टसच्या काळात जातं. त्या आठवड्यात शहरं ओस पडतात आणि अख्खा देश समुद्रावर येतो. त्या दिवशी सुट्टी मागणारा कामगार अजून जन्माला यायचाय.

याच वाळूवर आणखी काही लोक दिवसभर चालत असतात. 'कोक्को बेल्लो!' अशी आरोळी देत बर्फातल्या खोबऱ्याच्या फोडी विकणारे. 'सुंदर नारळ' असा त्याचा साधा अर्थ. आणि टॉवेल, गॉगल, मण्यांच्या माळा खांद्यावर घेऊन भर उन्हात किलोमीटरच्या किलोमीटर तुडवणारे सेनेगल आणि बांगलादेशातून आलेले विक्रेते. त्यांना छत्री नाही, करार नाही, आणि पोलीस दिसले की गाठोडं उचलून पळायचं. किनाऱ्यावरच्या नोकरीबद्दल बोलताना यांना वगळलं तर चित्र अर्धंच राहील.

जेवायला वाढतील, सुट्टी देणार नाहीत

कुटुंबाच्या धंद्यात काम करण्याची एक ऊब असते. मालकीणबाई तुम्हाला घरच्या पोरासारखं जेवायला वाढतात. आजोबा वारा कुठून वाहतोय ते बोट ओलं करून शिकवतात. पण तिथे एचआर नसतो. ज्या हाताने ताट वाढलं त्याच हाताने उद्याची सुट्टी रद्द होते, आणि तक्रार करायची तर करायची कुणाकडे? त्यांच्याच मुलाकडे?

पैशांचं गणितही समजून घ्या. इटलीत देशभर लागू असलेलं कायदेशीर किमान वेतन नाही. प्रत्येक क्षेत्रात कामगार संघटना आणि मालक संघटना यांच्यात करार होतो आणि त्यात पगार, तास, सुट्ट्या ठरतात. कागदावर आठवड्याचे ४० तास आणि एक दिवस सुट्टी. जुलै-ऑगस्टमध्ये हा कागद बऱ्याच ठिकाणी ड्रॉवरमध्येच राहतो. इटालियनमध्ये यासाठी दोन रंगीत शब्द आहेत. करारच केला नाही तर ते 'नेरो', म्हणजे काळं काम. करार वीस तासांचा, काम पन्नास तासांचं आणि उरलेले पैसे हातात, तर ते 'ग्रिज्यो', म्हणजे राखाडी काम.

राखाडी कामाचा फटका सप्टेंबरनंतर बसतो. सीझन संपला की बेकार झालेल्या कामगाराला सरकारी भत्ता मिळतो. २०१५ पासून तो साधारणपणे जितके आठवडे काम केलं त्याच्या निम्म्याच आठवड्यांसाठी मिळतो. चार महिने राबलात तर दोन महिने भत्ता. उरलेला हिवाळा तुमचा तुम्ही बघा. आणि भत्ता ठरतो तो कागदावरच्या पगारावर, हातात मिळालेल्या नोटांवर नाही.

म्हणून दर वर्षी मे महिन्यात इटलीच्या टीव्हीवर तोच वाद रंगतो. मालक म्हणतात, 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.' पोरं म्हणतात, 'कष्टाला ना नाही, पैसे आणि सुट्टी द्या.' हा डायलॉग आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलच्या काउंटरवर ऐकू येईल, फक्त भाषा वेगळी.

एका डच माणसाच्या नावाची दहशत

आता त्या मेखेकडे येऊ. वाळू सरकारची, परवाना कुटुंबाचा. हा परवाना वर्षानुवर्षं आपोआप नवा होत होता. जुन्या परवानाधारकाला कायद्यानेच अग्रक्रम होता. त्यामुळे वापरायचा हक्क हळूहळू वारशासारखा झाला. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलीकडे.

२००६ मध्ये युरोपियन युनियनने सेवा क्षेत्राबद्दल एक निर्देश काढला. फ्रिट्स बोल्केस्टाइन या डच नेत्याच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखादी नैसर्गिक गोष्ट मर्यादित असेल आणि म्हणून परवानेही मोजकेच असतील, तर ते खुल्या, निःपक्षपाती स्पर्धेतून द्या. ठरावीक मुदतीसाठी द्या. आपोआप नूतनीकरण नको.

इटलीने काय केलं? मुदतवाढ. मग आणखी मुदतवाढ. आधी २०१५ पर्यंत, मग २०२० पर्यंत. २०१६ मध्ये युरोपियन न्यायालयाने सांगितलं, हे चालणार नाही. तरी २०१८च्या शेवटी कायदा झाला, २०३३ पर्यंत! नोव्हेंबर २०२१ मध्ये इटलीच्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो मोडीत काढला आणि २०२३ अखेरपर्यंतची वेळ दिली. सरकारने ती २०२४ पर्यंत ढकलली. जुलै २०२४ मध्ये युरोपियन न्यायालयाने आणखी एक धक्का दिला. परवाना संपला की वाळूत पक्कं बांधलेलं बांधकाम भरपाई न देता सरकारजमा करणं युरोपियन कायद्याच्या विरोधात नाही, असा तो निकाल.

९ ऑगस्ट २०२४ ला, ऐन सीझनमध्ये, किनाऱ्यावर छत्र्यांचा संप झाला. अनेक बान्योंनी सकाळी दोन तास छत्र्या उघडल्याच नाहीत. महिनाभरात सरकारने नवा मार्ग काढला: सध्याचे परवाने ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत चालतील, त्याआधी नगरपालिकांनी निविदा काढायच्या, आणि नवे परवाने ५ ते २० वर्षांचे असतील. निविदा तपासताना दोन गोष्टींना वजन मिळेल, त्या आपल्या कामाच्या. अर्जदाराच्या कुटुंबाचं पोट गेली पाच वर्षं मुख्यतः याच धंद्यावर होतं का? आणि तो ३६ वर्षांखालच्या तरुणांना कामावर घ्यायची हमी देतो का?

मग बरोबर कोण?

एका बाजूने बघा. तुमच्याच वयाची एक मुलगी आहे असं समजा. बान्योच्या लाकडी खोल्यांमध्ये लपाछपी खेळत मोठी झालेली. हिवाळ्यात वादळी लाटा अडवायला वाळूचा लांबलचक बांध घालताना, वसंतात खुर्च्यांना रंग देताना घरच्यांसोबत राबलेली. आता तिने पदवी घेऊन मिलानला जायचं की इथेच थांबायचं? घरच्यांनी नव्या स्वयंपाकघरासाठी कर्ज काढायचं का? परवाना राहणार की जाणार, हे माहीत नसताना याचं उत्तर कसं देणार? त्यांची भीती साधी आहे. उद्या निविदेत एखादी मोठी कंपनी जास्त पैसे टाकेल, आणि आजोबांची ओळखपाळख निविदेच्या कुठल्याच रकान्यात बसणार नाही.

आता दुसरी बाजू. तुम्ही आणि तुमचे चार मित्र, खिशात मोजके युरो, नुसतं समुद्रात डुंबायला आलाय. कायद्याने पाण्यालगतची पाच मीटरची पट्टी सगळ्यांसाठी मोकळी, आणि तिथपर्यंत जायचा रस्ताही फुकट. पण टॉवेल टाकून बसायला मोकळा किनारा, ज्याला तिकडे 'स्पिआज्जा लिबेरा' म्हणतात, तो शोधावा लागतो. लेगाम्बियेन्ते या पर्यावरण संस्थेच्या मोजणीनुसार देशातल्या वालुकामय किनाऱ्यापैकी जवळपास ४३ टक्के भाग अशा परवान्यांखाली आहे. लिगुरिया, एमिलिया-रोमान्या, काम्पानिया या प्रांतांत तो ७० टक्क्यांच्या आसपास जातो. सरकारने २०२३ मध्ये स्वतःची मोजणी केली, ती म्हणाली ३३ टक्केच. पण त्या हिशोबात खडकाळ किनाराही धरला होता, म्हणून ब्रसेल्सला तो पटला नाही.

रोमच्या जवळ ओस्तिया आहे. तिथे बान्योंच्या भिंतींमुळे रस्त्यावरून समुद्रच दिसत नाही. इटालियनमध्ये समुद्रकाठच्या रस्त्याला 'लुंगोमारे' म्हणतात, ओस्तियाच्या रस्त्याला लोक 'लुंगोमुरो' म्हणतात. 'मुरो' म्हणजे भिंत. २०१५ मध्ये माफियाच्या शिरकावामुळे तिथलं स्थानिक प्रशासनच बरखास्त करावं लागलं होतं. म्हणजे 'गरीब बिचारी कुटुंबं' हे चित्रही सगळीकडे लागू नाही. आणि भाडं? २०२१ पर्यंत सरकारला द्यायचं किमान वार्षिक भाडं सुमारे ३६० युरो होतं, मग ते २५०० युरो झालं. पहिल्या रांगेतल्या काही छत्र्यांच्या सीझनभराच्या कमाईत ते वसूल होतं.

म्हणून तिथली मोकळ्या किनाऱ्याची चळवळ १४ जुलैला पाण्याकाठी जमते. १४ जुलै म्हणजे फ्रान्समध्ये लोकांनी बास्तिय तुरुंगावर कब्जा केल्याचा दिवस. बास्तियला इटालियनमध्ये 'बास्तील्या' म्हणतात आणि पाण्यालगतच्या ओल्या वाळूला 'बात्तीज्या'. या कोटीवर त्यांनी आंदोलनाचं नाव ठेवलंय, 'बात्तीज्यावर कब्जा'!

मला विचाराल तर निविदा व्हायलाच हव्यात. सगळ्यांच्या मालकीची गोष्ट कायमची कुणा एकाची होऊ शकत नाही. पण त्या निविदेत फक्त पैशांचा रकाना असेल तर जिंकणार कोण, हेही आधीच ठरलेलं असेल. मोकळी वाळू किती सोडणार, कामगारांना करारावर घेणार का, किनारा हिवाळ्यात कोण सांभाळणार, या रकान्यांना गुण हवेत. ते आज्जीच्या छत्रीइतकेच महत्त्वाचे आहेत.

आपल्या किनाऱ्यावर काय?

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. गोव्यातल्या किनाऱ्यावरचे शॅक सरकार ठरावीक काळासाठी, स्थानिकांना, सोडत काढून देतं. शॅक दुसऱ्याला चालवायला द्यायचा नाही, असा नियम आहे आणि तो मोडल्याच्या बातम्याही दर वर्षी असतात. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये शॅकचं धोरण मंजूर केलं. केळवे, बोर्डी, वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर आणि तारकर्ली हे आठ किनारे त्यासाठी निवडले आणि स्थानिकांना प्राधान्य ठेवलं.

एक मोठा फरक मात्र आहे. आपल्याकडे पावसाळा आहे. जून आला की शॅकचे बांबू उतरवावेच लागतात. इटलीत अनेक ठिकाणी सिमेंट आलं, भिंती आल्या आणि परवान्याचं घर झालं. आपल्याकडचा सगळ्यात कडक इन्स्पेक्टर नैऋत्येकडून येतो आणि तो कुणाकडून पैसे घेत नाही! मालवण-गुहागरकडची जी पोरं उद्या या धंद्यात उतरणार आहेत, त्यांनी इटलीची ही साठ वर्षांची गुंतागुंत आत्ताच वाचून ठेवलेली बरी.

जायचंय? आधी हे वाचा

इटलीत शिकायला गेलात तर विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २० तास, वर्षाला १,०४० तासांपर्यंत काम करता येतं. भारत आणि इटली यांच्यात २ नोव्हेंबर २०२३ ला स्थलांतराबाबत करार झाला. शिक्षण संपल्यावर १२ महिन्यांपर्यंत तिथे राहून अनुभव घ्यायची सोय त्यात आहे. सीझनल कामगारांसाठीही भारताला कोटा दिला गेला: २०२३ साठी ३,०००, २०२४ साठी ४,००० आणि २०२५ साठी ५,०००. शेती आणि पर्यटन ही दोन क्षेत्रं त्यात येतात.

पण एक लक्षात घ्या. अर्ज तुम्ही नाही, तिथला मालक करतो. आधी त्याला तिथल्या सरकारची 'नुल्ला ओस्ता', म्हणजे ना-हरकत मिळते, मग तुमचा व्हिसा. अर्ज ऑनलाइन उघडतात त्या दिवसाला 'क्लिक डे' म्हणतात आणि कोटा झपाट्याने भरतो. त्यामुळे 'लाख रुपये द्या, पुढच्या महिन्यात इटलीत बीचवर नोकरी' म्हणणारा एजंट भेटला तर नमस्कार करून निघा. कागदाशिवाय गेलेल्यांचं काय होतं याचं उदाहरण त्याच किनाऱ्यापासून जवळ आहे. रोमच्या दक्षिणेला लातिना भागात हजारो पंजाबी मजूर शेतात राबतात. जून २०२४ मध्ये तिथे एका भारतीय तरुणाचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घरापाशी सोडून दिलं गेलं. तो वाचला नाही. त्यानंतर इटलीभर निदर्शनं झाली.

म्हणून जायचं तर जरूर जा. पण करार हातात घेऊन, त्यातले तास वाचून, आणि पगाराची पावती दर महिन्याला मागून.

खिशात ठेवायचे पाच शब्द

ओम्ब्रेल्लोने: मोठी छत्री. या धंद्याचं चलन.
लेत्तिनो: पडायची खाट. दिवसातून चार वेळा हीच उचलायची आहे.
कोन्त्रात्तो: करार. पहिल्या दिवशी विचारा, लाजू नका.
रिपोझो: सुट्टीचा दिवस. करारात आहे का बघा, आणि आहे तर घ्या.
प्रोरोगा: मुदतवाढ. बान्योवरच्या आजोबांचा सगळ्यात लाडका शब्द. ३० सप्टेंबर २०२७ नंतर तो चालेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही.